मुरलीभाऊंचा आठ आणि माझी परात

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. घरासमोर गॅरेज असलं की ते ऑइलच्या वासासारखे आपोआप घरात शिरतात, पडद्यांना चिकटतात आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. आमच्या घरासमोर मुरलीभाऊंचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, मोकळा प्लॉट, त्यावर टिनाचं शेड आणि शेडखाली बारा महिने कोणत्या तरी ट्रकची मागची बाजू. भिलाई-3 मधल्या आमच्या गल्लीच्या एका टोकाला रेल्वे लाईन आहे आणि दुसऱ्या टोकाला मी आहे, असं आमचे हे म्हणतात. दोन्हीकडून चोवीस तास आवाज!

या गॅरेजचे जेवढे किस्से मला माहीत आहेत, त्यातल्या बहुतेकांत मी आहे. आणि एकाही किश्श्यात माझं काही काम नव्हतं.

* * *

मुरलीभाऊ मूळचे गोंदियाकडचे. बोलणं मोजून मापून. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध माठाएवढा लोखंडी गोळा असतो बघा, त्यात डिफरेंशियल असतं. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारं यंत्र. इंजिन काय, कोणीही उघडतो. मुरलीभाऊ फक्त तो गोळा उघडतात.

ते गल्लीत नवीन आले तेव्हाची गोष्ट. मी ओसरीत मेथी निवडत होते. समोर ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले. मेथी संपली, पाय हलले नाहीत. लसूण सोलून झाला, पाय हलले नाहीत. धावत गेले आणि दोन्ही पाय धरून सगळा जीव लावून ओढले.

आतून आवाज आला, "ठण्ण!"

कपाळ चोळत मुरलीभाऊ बाहेर आले. "काय झालं जी वहिनी?"

"मले वाटलं तुमी गेले!"

"कुठं?"

मी म्हटलं, "इतक्या वेळचे पडून काय करून राहिले होते मंग?"

"फेरे मोजून राहिलो होतो. चाक एक डाव फिरलं का मधला रॉड किती डाव फिरते, ते."

"मंग किती झाले?"

त्यांनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. "आता तुमीच सांगा."

* * *

साहूजींचा ट्रक त्यांच्याकडे यायला लागला तेव्हापासून गल्लीत एक नवीन शब्द आला, 'लिमिटेड स्लिप'. साहूजी धानाचा, म्हणजे भाताचा, धंदा करतात. धान कापणी झाली की त्यांचा ट्रक थेट शेताच्या बांधापर्यंत जातो, जिथे दुसऱ्यांच्या गाड्या चिखल पाहूनच मागे फिरतात.

मी विचारलं, "यात असं काय वेगळं आहे?"

मुरलीभाऊ म्हणाले, "साध्या गाडीत एक चाक चिखलात गेलं का तेच गरगर फिरते, दुसरं मस्त आराम करते. या गाडीच्या डिफरेंशियलमध्ये प्लेटी राह्यतात. गोल, पातळ, एकीला एक खेटून. एक चाक घसराले लागलं का त्या प्लेटी आवळतात, अन् दुसऱ्या चाकालेबी कामाले लावतात."

मला हे फार म्हणजे फारच आवडलं. शुक्रवारी सेक्टर 2 मध्ये आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजारणींकडे भजन होतं. तिथे मी भजन बाजूला ठेवून सांगितलं, "बायांनो, संसार लिमिटेड स्लिप पाह्यजे. एक घसरला का दुसऱ्यानं जोर लावाचा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने तर डोळे पुसले!

घरी येऊन मोठ्या अभिमानाने हे यांना सांगितलं. यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "आपल्या घरी अडचण वेगळी आहे. तुझं चाक दुसऱ्याच्याच चिखलात असते."

* * *

आणि यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे माझ्या कंपाउंडच्या भिंतीने पाहिलं आहे.

साहूजींचा ड्रायव्हर तुलाराम एकदा दुपारी ट्रक घेऊन आला. मागून आवाज येतोय म्हणाला. मुरलीभाऊ जेवायला घरात गेले होते. मी होते ना! मुरलीभाऊ मागची चाकं वर उचलून, इंजिन चालू करून, चाकं हवेत फिरवून आवाज ऐकतात हे मी शंभरदा पाहिलं होतं. मी म्हटलं, "जॅक लाव अन् फिरवून पाह्य."

तुलाराम म्हणाला, "दोन्ही चक्का उठाना पड़ेगा क्या, भाभी?"

मी म्हटलं, "एकच उचल. आवाजच तं ऐकाचा आहे!"

त्याने डावं चाक उचललं, सीटवर बसला, गियर टाकला. वर उचललेलं चाक फिरलं. पण खाली जमिनीवर टेकलेलं चाकही फिरलं! ट्रकने जॅक मागे फेकला, मोकळ्या बैलासारखा पुढे उसळला आणि थेट माझ्या कंपाउंडला भिडला. भिंत झोपली. दोरीवरची माझी साडी ट्रकच्या काचेवर पसरली. आतून तुलाराम ओरडत होता, "भाभी, कुछ दिख नहीं रहा!"

हातात घास तसाच घेऊन मुरलीभाऊ बाहेर आले. चार घरांतले लोक ओसरीत उभे राहून पाहत होते, म्हणून मी लगेच कबूल केलं, "मीच सांगतलं त्याले."

ते म्हणाले, "या गाडीत एका चाकाले जोर भेटला का दुसऱ्यालेबी भेटते. तुमीच तं भजनात सांगतलं म्हणे."

मग पडलेल्या भिंतीकडे पाहिलं. "भिंत तुमचीच होती म्हणून बरं झालं. दुसऱ्याची राह्यली असती तं मले तुमाले बोला लागलं असतं."

चार जणांनी पाहिलं होतं, म्हणून मी कबूल केलं. हे लक्षात ठेवा.

* * *

पुढचं सांगण्याआधी मुरलीभाऊंचा 'आठ' सांगायला हवा.

डिफरेंशियल बसवून झालं की ते ट्रक रेल्वे लाईनजवळच्या मैदानात नेतात आणि हळूहळू इंग्रजी आठ काढतात. एकदा डावीकडून गोल, एकदा उजवीकडून गोल. असे दहा-बारा. काच खाली, कान बाहेर. प्लेटी नीट बसल्या असतील तर ट्रक मांजरीसारखा वळतो. नसतील तर वळणावर मागून कटकटतो, गुरगुरतो.

आठ चूप निघाला की मुरलीभाऊ ट्रक बंद करतात आणि तसेच काळ्या हातांनी पहिला चहा प्यायला आमच्याकडे येतात. आधी स्वतःच्या घरीसुद्धा नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मी विचारलं नाही अशी गल्लीतली तेवढीच एक गोष्ट असेल. छाया, म्हणजे त्यांची बायको, हसून म्हणायची, "तुमच्या ओसरीतून मैदान दिसते न वहिनी. तुमी आधीच चहा टाकलेला राह्यते!"

खरं होतं. शेवटच्या वळणाला मी दूध ओतायची.

* * *

आता ती परात.

दिवाळी तोंडावर. घरोघर पितळ निघालेलं. साहूजींचा ट्रक समोर उघडा पडलेला, कारण एक बेअरिंग खराब झालं होतं. दिवाळी झाली की धान उचलायचं, म्हणून साहूजी घाईत. त्या दिवशी सकाळी मुरलीभाऊ आणि छाया तिच्या आईला पाहायला दुर्गला गेले. मी बाजारातून आले तर त्यांच्या शेडच्या कट्ट्यावर माझी मोठी परात! माझ्या मागे आमच्या यांनी ती मुरलीभाऊंना देऊन टाकली होती. परात काठापर्यंत काळ्या तेलाने भरलेली आणि त्यात तारेत ओवलेल्या लोखंडी चकत्या.

मी म्हटलं, घासायला काढलं असेल, बिचारे! दिवाळीत त्यांच्या घरचं कोण घासून देणार?

चकत्या तारेतून काढल्या. तेल नालीत ओतलं. साबणाचा फेस केला आणि तारेच्या घासणीने एकेक चकती अशी घासली, अशी घासली की माझे देव्हाऱ्यातले दिवे फिके पडावेत! मग बाहेरून दाते असलेल्या एकीकडे, आतून दाते असलेल्या दुसरीकडे, वाट्यांसारख्या चळती लावल्या आणि उन्हात वाळत ठेवल्या. मागे सरून पाहिलं. इतकं समाधान वाटलं!

तेवढ्यात फोन वाजला. छाया.

"वहिनी, जरा त्या परातीवर लक्ष ठेवाल का? त्या प्लेटी दोन दिवस बसून नंबरानं ओवल्या त्याईनं. जिची जिच्यासंग घासाची सवय, तिले तिच्याचजवळ लावा लागते म्हणे. अन् त्या औषध टाकलेल्या ऑइलात दिवसभर भिजल्या पाह्यजे, नाही तं गाडी वळणावर ओरडते. कुत्रं-मांजर तोंड नाही घालाले पाह्यजे, बस."

समोर उन्हात प्लेटी चमकत होत्या.

मी म्हटलं, "हो हो! माह्यं लक्षच आहे!"

* * *

पुढे मी जे केलं ते आजवर कोणाला नीट सांगितलं नाही. आमच्या यांनासुद्धा नाही.

मी त्या प्लेटी पुन्हा तारेत ओवल्या. हाताला येतील तशा, एक बाहेरून दात्यांची, एक आतून दात्यांची. शेडच्या कोपऱ्यात ट्रकमधून काढलेल्या जुन्या, कचऱ्याच्या ऑइलचा डबा होता. तेच परातीत ओतलं. आधीसारखं काळं दिसावं म्हणून. परातीचा काठसुद्धा आधी होता तसा बोटाने माखून ठेवला.

घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतले. यांनी विचारलं, "काय करून राहिली होतीस?"

"दिवाळीची सफाई."

* * *

संध्याकाळी मुरलीभाऊंनी प्लेटी बसवायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक मैदानात. मी ओसरीत. सवयीने दूध हातात.

पहिल्याच वळणावर ट्रक मागून असा कण्हला की मैदानातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. कट-कट-कट-गुर्रर्र! दुसऱ्या वळणावर तेच. मुरलीभाऊंनी वीस आठ काढले. मग ट्रक हळूहळू शेडमध्ये आणला आणि चहाला आले नाहीत.

पुन्हा उघडला. बेअरिंग तपासलं. बसवला. पुन्हा गुर्रर्र. तिसऱ्यांदा उघडला. त्यांना प्लेटींचा संशय येणारच नव्हता, कारण प्लेटी त्यांनी स्वतः पारखल्या होत्या, स्वतः ओवल्या होत्या, आणि त्यांच्यावर माझं लक्ष होतं!

साहूजी आले. वाईट माणूस नाही, पण सगळ्या गल्लीसमोर बोलले, "मुरली, तोर हाथ ला का होगे?"

तुझ्या हाताला काय झालं, म्हणजे! मुरलीभाऊंनी हाताकडे पाहिलं. खरंच पाहिलं, उलटसुलट करून.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे अनारसे घेऊन गेले. ते शेडमध्ये स्टुलावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, समजून नाही राहिलं. सगळं बरोबर लावलं तरी ओरडते. मले वाटते माह्ये कानच गेले."

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "होते कधी कधी, भाऊ. आता वयबी झालं न."

हे मी म्हटलं. मी! हातात अनारशांची ताटली धरून. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत.

* * *

दिवाळीचे दिवस मी फार बोलले नाही. यांना वाटलं ताप आला. यांनी गोळीसुद्धा आणून दिली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी छाया नळावर भेटली. तिचे डोळे सुजलेले. "हे म्हणून राहिले, आता हे काम सोडतो. साळ्याच्या दुकानात बसतो म्हणे. खिळे, दाराचे कब्जे विकाचं. पाने सगळे पुसून पेटीत भरले वहिनी. आज साहूजी गाडी रायपूरले नेऊन राहिले, दुसऱ्या मिस्त्रीकडं."

मी नळ बंद केला. माझी बादली अर्धीच भरली होती, ती तिथेच राहिली.

शेडमध्ये साहूजी उभे, तुलाराम सीटवर बसलेला, आणि मुरलीभाऊ हात मागे बांधून बाजूला, पाहुण्यासारखे. स्वतःच्या शेडमध्ये! मी ट्रकच्या पुढे जाऊन उभी राहिले. तुलारामने मला पाहिलं आणि पटकन इंजिन बंद केलं. भिंतीची आठवण असेल.

मी म्हटलं, "प्लेटी मी घासल्या."

कोणाला काही कळलं नाही. मग सगळं सांगितलं. साबण, घासणी, ऊन, चळती, जुनं ऑइल, परातीचा काठ. फोन पण. तुलाराम सीटवर खाली खाली सरकत गेला, हसू लपवायला. माझ्या मागोमाग आलेली छाया माझ्याकडे पाहत होती, आणि ते पाहणं मला अजून आठवतं.

मुरलीभाऊंनी विचारलं, "कायनं घासल्या?"

"तारेच्या घासणीनं."

"दोन्ही बाजूनं?"

"दोन्ही बाजूनं."

त्यांनी मान हलवली. मग पेटी उघडली, एक पाना काढला आणि ट्रकखाली गेले. दोन पाय बाहेर. या वेळी मी ओढले नाहीत.

* * *

रायपूरहून नवीन प्लेटी आल्या. मुरलीभाऊंनी त्या लोखंडी घमेल्यात भिजवल्या आणि स्वतः स्टूल टाकून शेजारी बसले. माझी परात कोणीतरी धुऊन माझ्या उंबऱ्याशी ठेवली होती. लख्ख. मला तिच्याकडे पाहवेना.

ट्रक मैदानात गेला. मी ओसरीत यायचं नाही असं ठरवलं होतं. आले. पहिलं वळण चूप. दुसरं चूप. दहा आठ, मांजरीसारखे. शेवटच्या वळणाला मी दूध ओतलं.

इंजिन बंद झालं. मुरलीभाऊ उतरले, मैदान ओलांडलं, आमच्या फाटकापर्यंत आले. आणि वळून आपल्या घरी गेले.

चहा गॅसवर राहिला. आटून आटून पातेलं काळं झालं. ते पातेलं मी दोन दिवस घासलं नाही. घासणीला हातच जाईना.

धानाचे दिवस गेले. थंडी गेली. साहूजींचा ट्रक चिखलातून धान काढत राहिला. समोरासमोर आलो की मुरलीभाऊ मान हलवायचे, तेवढंच. बाकीच्या गाड्यांचे आठ मी खिडकी बंद करून ऐकायची.

* * *

होळीच्या आसपासची गोष्ट. सकाळी दार वाजलं. उघडलं तर मुरलीभाऊ. एका हातात ऑइलची कॅन, दुसऱ्या हातात तारेत ओवलेल्या प्लेटी, खिशातून डोकावणारी औषधाची बाटली.

"वहिनी, परात आहे का?"

मी परात आणली. घाईत ती चौकटीवर आपटली, ठण्ण! ते थेट ओसरीत आले. जिथे मी मेथी निवडते तिथेच परात ठेवली, प्लेटी आत सोडल्या, वरून ऑइल ओतलं, बाटली रिकामी केली. तारेचं टोक काठाला गुंडाळलं.

"दुर्गले चाललो. सासूबाईची तब्येत पाहाले. संध्याकाळी येतो."

मी हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी. "भाऊ, इथं? माह्याजवळ?"

ते चप्पल घालत होते. वर पाहिलं नाही.

"मंग? बाहेर ठेवलं तं कोणीबी घासून टाकते."